प्रथिनांचा सहवास आणि यीस्टची साक्ष

जीवरसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यास प्रारंभी प्रथिनांची जी ओळख करून दिली जाते ती बहुधा एकेकट्या प्रथिनाची असते. हिमोग्लोबिन प्राणवायू वाहते, पेप्सिन अन्नातील प्रथिनांचे तुकडे करते, इन्सुलिन रक्तातील साखरेवर अंमल ठेवते, आणि अशी एकेका नावापुढे एकेका कामाची नोंद झाली की पाठ संपतो. प्रत्यक्ष पेशीच्या कारभारात मात्र एकट्याने काही पार पाडणारे प्रथिन विरळाच. खुद्द हिमोग्लोबिनही चार साखळ्या एकत्र आल्यावाचून आपले काम धड करीत नाही. आणि इन्सुलिन पेशीच्या पटलावरील ग्राहकास जाऊन बिलगल्यानंतर आत जी हालचाल सुरू होते तिच्यात एकाने दुसऱ्यास व दुसऱ्याने तिसऱ्यास गाठण्याची लांबलचक परंपरा असते. म्हणून एखाद्या नव्या प्रथिनाचे कार्य काय, या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्याची ऊठबस कोणाशी आहे या माहितीत सापडते. आणि ही माहिती मिळवण्याचे जे उपाय विसाव्या शतकाच्या अखेरीपासून निघाले त्यांत पाव फुगवणाऱ्या यीस्टला साक्षीला बोलावणारी ‘टू-हायब्रिड’ पद्धती जितकी वापरली गेली, जितकी वाखाणली गेली आणि जितकी संशयाने पाहिली गेली, तितकी दुसरी क्वचितच. या लेखात तिच्या वाटचालीचा आढावा घ्यावयाचा आहे. माझे मत आरंभीच नोंदवून ठेवतो: ही पद्धती एका प्रश्नाचे उत्तर देते आणि लोक ते दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर म्हणून वाचतात, यातूनच तिच्याविषयीच्या बहुतेक तक्रारी उपजल्या आहेत.

दोन प्रथिने एकमेकांस धरतात की नाही हे ठरवण्याचे मार्ग पूर्वी नव्हते असे नाही. पेशी फोडून तिचा अर्क काढावा, त्यातील एका प्रथिनास नेमके ओळखणारे प्रतिपिंड त्यात सोडावे, आणि ते प्रथिन ओढून काढताना त्याच्यासोबत आणखी कोण येते ते पाहावे. किंवा एक प्रथिन बारीक मण्यांवर जखडून ते मणी नळीत भरावेत आणि वरून अर्क ओतून कोण अडकून राहते ते तपासावे. हे उपाय जुने आणि भरवशाचे होते व आजही आहेत. परंतु त्यांना शुद्ध प्रथिन तरी लागे किंवा उत्तम प्रतिपिंड तरी, आणि ते पैदा करण्यात महिनेच्या महिने खर्ची पडत. एवढे सायास करून एखादे अनोळखी प्रथिन हाती लागलेच, तर ते कोणत्या जनुकातून निघाले हे कळण्यासाठी त्याच्या ॲमिनो आम्लांचा क्रम काढून त्यावरून जनुकाचा माग घेण्याची दुसरी मोहीम आखावी लागे. जो काळ जनुके वेगळी काढण्याच्या ध्यासाने भारलेला होता, त्या काळात ही अडचण लहान नव्हती.

तिच्यावरचा तोडगा प्रथिनांच्या सहवासाचा अभ्यास करणाऱ्यांकडून आला नाही, तर जनुके चालू-बंद कशी होतात या अगदी वेगळ्या चौकशीतून निघाला. यीस्टला गॅलॅक्टोज ही साखर मिळाली की ती पचवणाऱ्या विकरांची जनुके जागी होतात, आणि त्यांना जागे करण्याचा हुकूम ज्याच्याकडून सुटतो ते प्रथिन म्हणजे गॅल-4. 881 ॲमिनो आम्लांच्या या प्रथिनावर 1980 च्या दशकात हार्वर्ड विद्यापीठात मार्क टॅश्ने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे काम केले त्यातून असे दिसून आले की त्याची दोन कामे त्याच्या दोन स्वतंत्र अंगांकडे वाटून दिलेली आहेत. आरंभीचा तुकडा डीएनएवरील ठराविक जागा ओळखून तिला चिकटतो, पण नुसता चिकटून राहतो; शेवटाकडील तुकडा प्रतिलेखनाच्या यंत्रणेस पाचारण करतो, पण कोठे पाचारण करावे हे त्यास ठाऊक नसते. रॉजर ब्रेंट आणि टॅश्ने यांनी 1985 मध्ये गॅल-4 चे जागा ओळखणारे अंग काढून त्याऐवजी लेक्स-ए या जिवाणूच्या प्रथिनाचे तसे अंग जोडले, तेव्हा त्या जोडप्रथिनाने यीस्टमध्ये लेक्स-एच्या जागेशेजारचे जनुक बिनतक्रार चालू केले. पुढे जुन मा आणि टॅश्ने यांनी 1988 मध्ये आणखी एक पाऊल टाकले. एरवी गॅल-4 ला दडपून ठेवणाऱ्या गॅल-80 या प्रथिनास त्यांनी चेतवणारे अंग जोडून दिले आणि दाखवले की ते डीएनएवरील गॅल-4 ला नुसते येऊन बिलगले तरी जनुक चालू होते. म्हणजे ही दोन अंगे एकाच साखळीत गुंफलेली असावीत अशी गरज नाही, कोणत्याही निमित्ताने ती एकमेकांच्या सन्निध आली की पुरे. आज मागे वळून पाहताना असे वाटते की टू-हायब्रिड पद्धती त्याच दिवशी जवळजवळ जन्माला आली होती. परंतु प्रश्न उलटा करून मांडणारे कोणी तरी अद्याप यायचे होते.

ते काम न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाच्या स्टोनी ब्रुक येथील शाखेत स्टॅन्ली फील्ड्स आणि ओक-क्यू साँग यांनी केले. त्यांचा युक्तिवाद असा की, जर सान्निध्य पुरेसे असेल, तर ते सान्निध्य कोणत्या दोन प्रथिनांच्या ओढीमुळे घडून येते याच्याशी जनुकास काही कर्तव्य नाही. तेव्हा ज्या दोघांविषयी शंका आहे त्यांपैकी एकास गॅल-4 चे डीएनए धरणारे अंग जोडावे, दुसऱ्यास चेतवणारे अंग जोडावे, आणि जनुक जागे होते का ते पाहावे. जुलै 1989 मध्ये ‘नेचर’मध्ये छापलेल्या त्यांच्या छोट्याशा लेखात एसएनएफ-1 आणि एसएनएफ-4 ही यीस्टचीच दोन प्रथिने घेतलेली होती. ती एकत्र नांदतात हे आधीच ठाऊक होते आणि म्हणूनच ती चाचणीस योग्य होती. पहिल्यास गॅल-4 ची 1 ते 147 ही ॲमिनो आम्ले जोडली, दुसऱ्यास 768 ते 881. वर्दी देण्याची कामगिरी लॅक-झेड या जिवाणूच्या जनुकाकडे सोपवली, ज्याचे विकर विशिष्ट रसायनावर क्रिया करून निळा रंग उत्पन्न करते. दोन्ही जोडप्रथिने हजर असता पेशी निळ्या झाल्या. एकेकटी असता झाल्या नाहीत. जेथे पूर्वी प्रथिन शुद्ध करण्यापासून सुरुवात करावी लागे तेथे आता प्रथिनास हातही न लावता, केवळ जनुकांची जुळवाजुळव करून, त्याच्या सहवासाचा पुरावा मिळू लागला.

तरीही ही पद्धती सर्वतोमुखी झाली ती या पहिल्या लेखामुळे नव्हे, तर 1991 च्या दुसऱ्या लेखामुळे, असे मला वाटते. चेंग-तिंग चिएन, पॉल बार्टेल, रॉल्फ स्टर्नग्लान्झ आणि फील्ड्स यांनी त्यात दाखवले की दुसऱ्या बाजूस एकच प्रथिन ठेवण्याचे कारण नाही; यीस्टच्या समग्र डीएनएचे तुकडे करून प्रत्येकास चेतवणारे अंग जोडावे आणि अशा लक्षावधी तुकड्यांच्या संग्रहातून आपल्या प्रथिनास कोण धरते हे यीस्टलाच निवडू द्यावे. ज्याचा जोडीदार शोधावयाचा ते आमिष, आणि जो गळास लागतो तो सावज, अशी पारध्याची भाषा या शास्त्रात रुळली ती तेव्हापासून. आणि येथे पूर्वीची मोठी अडचण अनायासे मिटली, कारण निवडून आलेल्या पेशीच्या पोटात सावजाचे जनुकच प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या लहान वर्तुळावर बसलेले असते. ते बाहेर काढून त्याचा क्रम वाचला की नाव हाती येते.

प्रत्यक्ष कामाचे स्वरूप थोडे जवळून पाहण्यासारखे आहे, कारण पद्धतीचे सामर्थ्य आणि तिचे खाचखळगे दोन्ही तेथेच दिसतात. आमिषाचे प्लाझ्मिड एका लिंगाच्या यीस्टमध्ये, सावजांचा संग्रह दुसऱ्या लिंगाच्या यीस्टमध्ये ठेवतात आणि दोन्ही एकत्र वाढवून त्यांचा संयोग घडवून आणतात. या यीस्टांना ट्रिप्टोफॅन, ल्यूसिन आणि हिस्टिडिन ही ॲमिनो आम्ले स्वतः बनवता येत नाहीत, अशी आधीच तजवीज केलेली असते. आमिषाच्या प्लाझ्मिडवर ट्रिप्टोफॅनची उणीव भरून काढणारे जनुक असते, सावजाच्या प्लाझ्मिडवर ल्यूसिनची, आणि हिस्टिडिनची उणीव भरून काढणारे जनुक गॅल-4 च्या अमलाखाली ठेवलेले असते. मग तिन्ही ॲमिनो आम्ले वगळलेल्या प्लेटवर पेशी पसरून 30 अंश उष्णतामानात ठेवल्या की, जिच्यात दोन्ही प्लाझ्मिडे आहेत आणि शिवाय दोन्ही प्रथिनांनी एकमेकांना धरले आहे, तीच पेशी जगते. तीनचार दिवसांनी पिवळसर अगारावर टाचणीच्या डोक्याएवढ्या कॉलन्या उगवतात. काही आठवडाभर घेतात, आणि उशिरा आलेल्या कॉलनीवर किती विश्वास ठेवावा हा प्रत्येक प्रयोगशाळेतील नित्याचा वाद आहे. हिस्टिडिनचे जनुक पूर्ण बंद असे कधीच नसते, थोडे झिरपतच राहते. त्यामुळे त्याच्या विकरास अडवणारे 3-अमिनोट्रायाझोल नावाचे द्रव्य प्लेटमध्ये घालून उंबरठा उंच करावा लागतो. ते किती घालावे हे पुस्तकात पाहून कळत नाही, प्रत्येक आमिषास निराळे ठरवावे लागते. आणि कमी पडले तर सारी प्लेट हिरवळीसारखी भरून जाते, जास्त झाले तर खरे सावजही मरते. निळ्या रंगाची परीक्षा घ्यावयाची तर कॉलन्या गाळणकागदावर उचलून तो कागद द्रवरूप नायट्रोजनमध्ये क्षणभर बुडवतात, म्हणजे पेशी फुटतात, आणि मग तो रंगद्रव्याच्या द्रावणात भिजवून ठेवतात. अर्ध्या तासात निळी झालेली खूण आणि रात्रभर ठेवल्यावर कडेला फिकट निळसर दिसणारी खूण या दोहोंना वहीत एकाच अधिक-चिन्हाने नोंदवणारा संशोधक पुढच्या सहा महिन्यांच्या त्रासास निमंत्रण देत असतो.

या त्रासातून सुटका व्हावी म्हणून मॅडिसनच्या फिलिप जेम्स आणि एलिझाबेथ क्रेग यांनी 1996 मध्ये तयार केलेल्या यीस्टच्या वाणात वर्दी देणारी तीन जनुके तीन निरनिराळ्या नियंत्रकांखाली ठेवण्यात आली. एका नियंत्रकाच्या खोडीमुळे उगवलेले भोंदू सावज दुसऱ्या दोहोंपुढे टिकत नाही. त्यांतले ॲडेनिन बनवणारे जनुक विशेष गुणाचे, कारण ते बंद असलेल्या पेशींत तांबडे द्रव्य साठत जाते आणि चालू असलेल्या पेशी पांढऱ्या राहतात, सबब प्लेट उजेडात धरली तरी बरेचसे कळते.

1990 च्या दशकाच्या पूर्वार्धात या पद्धतीने जे पीक दिले ते पाहता तिच्याविषयीची त्या वेळची हर्षोत्फुल्लता समजण्याजोगी आहे. एकट्या 1993 सालाकडे पाहावे. ॲन व्हॉयटेक, स्टॅन्ली हॉलेनबर्ग आणि जोनाथन कूपर यांनी कर्करोगाशी संबंधित रास या प्रथिनास आमिष केले तेव्हा राफ नावाचे विकर सावज म्हणून आले, आणि रासचा संदेश पुढे कोणाच्या हाती जातो या कोड्याची उकल होण्यास मोठीच मदत झाली. ब्रेंट यांच्या गटाने लेक्स-एवर आधारलेली आपली आवृत्ती वापरून मॅक्स या प्रथिनाचा मॅक्सी-1 हा जोडीदार मिळवला. ह्यूस्टनला स्टीफन एलेज यांच्याकडे सीडीके-2 हे पेशीविभाजनास गती देणारे विकर आमिष म्हणून वापरले असता 21 हजार डाल्टन वजनाचे, त्या विकरास वेसण घालणारे प्रथिन गळाला लागले. नियतकालिकाच्या ज्या अंकात ही हकीकत छापली गेली त्याच अंकात बर्ट व्होगेलस्टाइन यांच्या गटाने पी-53 या कर्करोगरोधक प्रथिनाच्या हुकुमाने जागे होणारे म्हणून नेमके तेच जनुक जाहीर केले होते. एका बाजूने जनुकाच्या नियंत्रणाची वाट, दुसऱ्या बाजूने प्रथिनाच्या सहवासाची वाट, आणि दोन्ही येऊन मिळतात ते एकाच पी-21 प्रथिनापाशी! यीस्टच्या साक्षीस इतका स्वच्छ स्वतंत्र दुजोरा पुढे फार वेळा मिळाला असे नाही.

कारण भरभराटीबरोबर बदनामीही आली. जे आमिष स्वतःच जनुक चालू करू शकते, आणि अशी आमिषे थोडी नाहीत, ते कोणतेही सावज नसताना वर्दी देते. उष्णतेने उद्भवणारी शपेरोन प्रथिने, रायबोसोमची प्रथिने, अशी काही मंडळी कोणत्याही प्लेटवर पुन्हा पुन्हा उगवतात. त्यांच्या याद्या करून अनुभवी संशोधक नवख्यांना सावध करीत. शिवाय परीक्षा होते ती यीस्टच्या केंद्रकात. ज्यांचे सारे आयुष्य पेशीपटलाच्या स्निग्ध थरात जाते अशी प्रथिने तेथे नेली की धड घडीही घालीत नाहीत. ज्यांचा सहवास टायरोसिनवर फॉस्फेट चढण्यावर अवलंबून, त्यांना यीस्टमध्ये तो फॉस्फेट मिळतच नाही, कारण ते काम करणारी खास विकरे तिच्यात जवळजवळ नाहीतच. पण सर्वांत खोल आक्षेप निराळा आहे. दोन प्रथिने यीस्टमध्ये मोठ्या प्रमाणात बनवून एकाच खोलीत कोंडली असता त्यांनी एकमेकांस धरले, एवढ्यावरून ती आपल्या मूळ प्राण्यात कधी भेटतात असे ठरत नाही. एक यकृतात आणि दुसरे मेंदूत असेल, एक भ्रूणावस्थेत बनत असेल आणि दुसरे वार्धक्यात. पत्रिका जुळली म्हणून लग्न लागले असे कोणी म्हणत नाही, इतकेच काय, दोन्ही घरांची ओळख आहे असेही त्यावरून सिद्ध होत नाही. यीस्ट सांगते ती पत्रिका जुळल्याची वार्ता. आणि तेवढीच वार्ताही खरी असेल तर मोलाची असू शकते, हे ध्यानात न घेता कित्येक टीकाकारांनी लग्न लागलेले न दिसल्याचा ठपका तिच्यावर ठेवला आहे.

हा आक्षेप एकेका प्रथिनावर काम चाले तोवर सुसह्य होता, कारण सावज सापडल्यावर संशोधक स्वतः इतर मार्गांनी त्याची शहानिशा करी. 1996 मध्ये यीस्टचा संपूर्ण जनुकसंच वाचून झाला आणि मामला बदलला. सुमारे 6,000 जनुकांची यादी समोर असता सर्वांची सर्वांशी गाठ घालून पाहण्याचा मोह आवरणार कोण? टी-7 या लहानशा जिवाणुभक्षी विषाणूवर बार्टेल व फील्ड्स यांनी त्याच वर्षी रंगीत तालीम केली होती. पण 6,000 प्रथिनांच्या जोड्या म्हणजे 1 कोटी 80 लाख. सिएटलला गेलेले फील्ड्स आणि कनेक्टिकटची क्युराजेन कंपनी यांच्या वतीने पीटर उत्झ आदींनी 2000 मध्ये 1,004 प्रथिनांमधील 957 संबंध प्रसिद्ध केले. जपानात कानाझावा येथे ताकाशी इतो यांच्या गटाने 2001 मध्ये 3,278 प्रथिनांमधील 4,549 संबंध प्रसिद्ध केले. दोन्ही गटांनी त्याच यीस्टची तीच प्रथिने तपासलेली, पद्धतीही मुळात तीच. आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या तर सामायिक नोंदी फारच थोड्या निघाल्या. पुढच्या वर्षी क्रिस्टियान फॉन मेरिंग आदींनी निरनिराळ्या पद्धतींनी जमलेले यीस्टमधील सुमारे 80,000 संबंध पडताळून पाहिले, तेव्हा एकाहून अधिक पद्धतींचा आधार असलेले संबंध 2,400 च्या आसपास भरले. निकाल लागला असे पुष्कळांना वाटले. यीस्टची साक्ष म्हणजे निम्म्याहून अधिक कपोलकल्पित, असे वाक्य त्या दशकातील आढाव्यांत सर्रास आढळते.

माझ्या मते हा निकाल घाईचा होता, आणि त्यातील चूक तर्कशास्त्राची होती. दोन याद्यांत सामायिक नोंदी थोड्या असण्याची कारणे दोन असू शकतात: दोन्ही याद्या खोट्याने भरलेल्या आहेत, किंवा दोन्ही याद्या अपुऱ्या आहेत. अफाट अरण्यात दोन पारध्यांनी स्वतंत्रपणे टिपलेली सावजे निराळी निघाली म्हणून कोणाचेही सावज खोटे ठरत नाही. या दोन शक्यतांचा निवाडा करण्यासाठी, ज्यांचा संबंध पक्का ठाऊक आहे अशा जोड्यांचा एक संच आणि केवळ चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या जोड्यांचा दुसरा संच घेऊन प्रत्येक पद्धतीची परीक्षा घेणे जरूर होते. आणि हे काम बॉस्टनच्या डाना-फार्बर संस्थेतील मार्क व्हिडाल यांच्या गटाने चिकाटीने केले. 2008 मध्ये हायुआन यू आदींनी यीस्टचा नवा नकाशा सिद्ध करताना दाखवले की जुन्या याद्यांतील काळजीपूर्वक गाळून घेतलेला भाग स्वतंत्र चाचण्यांपुढे पक्क्या संबंधांइतकाच टिकतो. आणि पुढच्या वर्षीच्या तुलनेत असे दिसले की कोणतीही एकच चाचणी घेतली तरी ती पक्क्या संबंधांपैकी जेमतेम पाचव्या ते तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास पकडू शकते. म्हणजे बहुतेक पद्धतींचा दोष खोटे बोलणे हा नसून मौन पाळणे हा होता. याच अभ्यासातून दुसरीही एक गोष्ट उलगडली. पेशीतून प्रथिनांचा अख्खा घोळका ओढून काढून वस्तुमानमापकाने त्यातील घटक ओळखण्याची जी प्रतिस्पर्धी पद्धती 2002 पासून जोरात होती, तिच्याशी यीस्टच्या याद्या जुळत नाहीत हा दोषारोप होता; वस्तुतः ती पद्धती एकत्र राहणाऱ्या स्थिर कुटुंबांचे घटक सांगते, त्यांत कोणाचा हात कोणाच्या हातात आहे हे सांगत नाही, तर यीस्ट दोघांमधील थेट स्पर्श दाखवते आणि क्षणभर टिकणारे, संदेश पोचवून सुटणारे संबंधही टिपते. दोन निराळ्या प्रश्नांची उत्तरे जुळली नाहीत याचे आश्चर्य करण्याचे कारणच नव्हते.

बाकी जीवांच्या नकाशांविषयी येथे विस्तार नको: फळमाशी 2003 मध्ये, सूत्रकृमी 2004 मध्ये, मलेरियाचा परजीवी प्लाझ्मोडियम फाल्सिपारम 2005 मध्ये 2,846 संबंधांसह, आणि मोहरीच्या कुळातील अराबिडॉप्सिस 2011 मध्ये. हे सारे नकाशे अपूर्णच होते.

पद्धतीच्या दोषांतून तिची जी भावंडे जन्मली त्यांत अधिक कल्पकता आहे. पटलातील प्रथिनांसाठी जी वाट पुढे उपयोगी पडली तिची सुरुवात निल्स जॉन्सन आणि अलेक्झांडर वार्शाव्हस्की यांनी 1994 मध्ये युबिक्विटिन या लहान प्रथिनाचे दोन तुकडे करून केली. ते तुकडे दोन प्रथिनांच्या सहवासाने पुन्हा जवळ आले की त्यांची घडी जुळते, पेशीतील विकर ती ओळखून पाठीमागे जोडलेले चेतवणारे प्रथिन कापून मोकळे करते, आणि वर्दी केंद्रकापर्यंत पोचते, आमिष मात्र पटलातच राहते. माँट्रियलच्या स्टीफन मिश्निक यांच्या गटाने गॅल-4 चा मार्गच सोडून डायहायड्रोफोलेट रिडक्टेज या विकराचे तुकडे वापरले आणि 2008 मध्ये प्रथिनांना त्यांच्या स्वतःच्या जनुकाच्या जागी, स्वतःच्या प्रमाणात, पेशीतील स्वतःच्या मुक्कामी ठेवून 1,124 प्रथिनांतील 2,770 संबंध नोंदवले. जास्त प्रमाणात बनवल्याचा आक्षेप येथे उरत नाही. व्हिडाल यांनी 1996 मध्ये खेळ उलटा फिरवला: दोघांचा सहवास घडला तर पेशी मरावी अशी व्यवस्था करून, सहवास मोडणारे उत्परिवर्तन वा औषध असेल तरच ती जगेल असे केले. फील्ड्स आणि मार्विन विकेन्स यांनी त्याच वर्षी मधल्या दुव्याच्या जागी आरएनए घालून तीन घटकांची पद्धती काढली. फॉस्फेटची उणीव भरून काढण्यासाठी तो चढवणारे मानवी विकर तिसरे म्हणून यीस्टमध्ये सोडण्याचा उपायही यशस्वी झाला आहे.

या साऱ्यांत मला सर्वाधिक समाधान देणारी हकीकत वनस्पतींच्या संप्रेरकांची आहे. भाताचे रोप उंच वाढवणाऱ्या जिबरेलिनचा ग्राहक कोण, हे कोडे जपानमधील नागोया येथील मियाको उएगुची-तानाका, माकोतो मात्सुओका आदींनी 2005 मध्ये सोडवले, तेव्हा जीआयडी-1 हे प्रथिन आणि वाढीस अडवून धरणारे एसएलआर-1 हे प्रथिन यीस्टमध्ये घालून त्यांनी पाहिले की प्लेटमध्ये जिबरेलिन असेल तरच दोघे एकमेकांस धरतात, नसेल तर ओळखही दाखवीत नाहीत. 2009 मध्ये कॅलिफोर्नियात रिव्हरसाइड येथे शॉन कटलर यांच्या गटाने दुष्काळाशी झुंजण्यास वनस्पतीस मदत करणाऱ्या ॲब्सिसिक आम्लाच्या पीवायआर-1 या ग्राहकाविषयी असाच पुरावा दिला. यीस्टला या संप्रेरकांशी काही देणेघेणे नाही, भाताचे वा अराबिडॉप्सिसचे एकही इतर प्रथिन तिच्यात नाही. आणि नेमक्या याच कारणामुळे तिची साक्ष निर्णायक ठरते, कारण तिसऱ्या कोणाच्या मध्यस्थीने हे घडले असेल ही शंका घेण्यास जागा जवळजवळ उरत नाही. जे परकेपण एरवी दोष म्हणून नोंदले जाते तेच येथे गुण होऊन बसते.

मानवी प्रथिनांचा प्रश्न अर्थातच सर्वांत मोठा. 20,000 च्या आसपास जनुके म्हणजे 20 कोटी जोड्या, आणि एकेका जनुकातून निघणाऱ्या प्रथिनांच्या निरनिराळ्या आवृत्त्या धरल्या तर हिशेब हाताबाहेर जातो. 2005 मध्ये बर्लिनच्या उलरिश स्टेल्झ्ल आदींनी आणि बॉस्टनच्या ज्याँ-फ्राँस्वा र्युआल आदींनी पहिले नकाशे दिले ते प्रत्येकी सुमारे 3,000 संबंधांचे. 2020 मध्ये व्हिडाल यांच्याच संस्थेतून कटिया लुक आदींनी 17,000 हून अधिक जनुकांची सर्वांची सर्वांशी गाठ यीस्टमध्ये तीन प्रकारच्या मांडणीने पुन्हा पुन्हा घालून जो नकाशा प्रसिद्ध केला त्यात 8,275 प्रथिनांमधील 53,000 च्या घरातले संबंध आहेत. ही वाढ शक्य झाली ती कॉलन्या एकेक करून तपासण्याऐवजी हजारो पेशींतील डीएनए एकत्र वाचण्याच्या स्वस्त साधनांमुळे. द्रवरूप नायट्रोजनची वाफ आणि निळा कागद मोठ्या प्रयोगशाळांतून मागे पडत चालला आहे. याची खंत वाटावी असे त्यात विशेष नाही.

2021 पासून मात्र एक नवा वादी उभा राहिला आहे. प्रथिनाच्या अक्षरक्रमावरून त्याची घडी वर्तवणाऱ्या अल्फाफोल्ड आणि रोझटाफोल्ड या संगणकीय पद्धतींनी त्याच वर्षी यीस्टच्या 83 लाख जोड्या चाळून 1,505 जोड्यांचा सहवास संभाव्य ठरवला, आणि त्यांपैकी 106 समूह आधी कोणासच ठाऊक नव्हते. अगार नाही, प्लाझ्मिड नाही, आठवडाभराची वाट नाही. तेव्हा यीस्टला आता निवृत्तीचा हुकूम द्यावा काय? मला तसे वाटत नाही, आणि त्याचे कारण केवळ जुन्या वहिवाटीचे प्रेम नव्हे. संगणकाची ही विद्या प्रामुख्याने उत्क्रांतीच्या ओघात दोन प्रथिने एकमेकांच्या अनुषंगाने कशी बदलली या खुणांवर पोसलेली आहे. विषाणूचे प्रथिन आणि माणसाचे प्रथिन यांच्यासारख्या, सामायिक इतिहास नसलेल्या जोड्यांत, किंवा निश्चित घडी नसलेल्या सैल शेपटांतील चारपाच ॲमिनो आम्लांवर टेकलेल्या संबंधांत, तिचा आधार पातळ होतो. तेथे प्लेट अद्याप उपयोगी पडते. आणि संगणकाने वर्तवलेल्या जोडीची खातरजमा करावयाची झाली तर पहिली, स्वस्त आणि आठवड्याभरात आटोपणारी चाचणी म्हणून लोक पुन्हा यीस्टकडेच वळतात.

तिच्या उपयोगाची जी दिशा मला सर्वांत भक्कम वाटते ती नव्या जोड्या शोधण्याची नव्हेच. 2015 मध्ये निधी साहनी, व्हिडाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसांत आनुवंशिक रोग निर्माण करणारी, एकाच ॲमिनो आम्लाचा फरक करणारी उत्परिवर्तने मोठ्या संख्येने यीस्टमध्ये तपासली. त्यांचा निष्कर्ष असा की अशा सुमारे दोनतृतीयांश उत्परिवर्तनांनी प्रथिनांच्या सहवासात बिघाड केला, आणि त्यांपैकी निम्म्यांत सारे संबंध तुटले नाहीत, काही तुटले आणि काही शाबूत राहिले. एकाच जनुकातील दोन बिघाडांमुळे दोन निराळे रोग का होतात, या जुन्या प्रश्नास यातून हात घालता येतो. येथे आमिष तेच, सावजे तीच, प्लेट तीच, आणि शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन आवृत्त्यांत फरक एका ॲमिनो आम्लाचा; चिकटू सावज असेल तर ते दोन्हीकडे सारखेच चिकटेल, आणि स्वतःहून जनुक चालू करणारे आमिष दोन्हीकडे सारखेच बोलून जाईल, म्हणून ज्या दोषांनी या पद्धतीस पूर्वी बदनाम केले ते तुलनेत बव्हंशी एकमेकांना छेदून जातात. मात्र आमिष आणि सावज पेशीत प्रत्यक्ष केव्हा आणि कोठे भेटतात, याचा तपास रोग्याच्या ऊतींतून स्वतंत्रपणे करावा लागतो, आणि तो आज चालू आहे.